मेल्यावर डोळे देणार, जिवंतपणी काय?

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या पंधरवड्यात देशभर नेत्रदानाचा जागर होतो. सार्वजनिक मंडळांचे फलक लागतात, महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, ज्येष्ठ नागरिक संघांत संकल्पपत्रे भरली जातात. पत्रावर सही करून माणूस घरी परततो तेव्हा अंध बांधवांसाठी आपण काहीतरी केले, या समाधानाने त्याचे मन भरून आलेले असते. अशा समाधानाला धक्का लावणे कोणाला आवडेल? परंतु तो लावणे भाग आहे. कारण हेच समाधान आज आपल्या गावातील दृष्टिहीनांच्या वाटेत आडवे पडले आहे.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. नेत्रदान म्हणजे एकाचा अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवणे नव्हे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात आणि त्यांतला बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तेवढाच प्रत्यारोपणाच्या कामी येतो. म्हणजे ज्याचा हा पडदा पांढरा पडला आहे, त्यालाच या दानाचा उपयोग. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक शस्त्रक्रियेविना राहिलेल्या मोतीबिंदूमुळे अंध असल्याचे आढळले; कॉर्नियामुळे आलेल्या अंधत्वाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. मोतीबिंदूला दान नको, वेळेवर शस्त्रक्रिया हवी. उरलेल्यांत काचबिंदू आहे, मधुमेहाने पोखरलेला दृष्टिपटल आहे, सुकलेली मज्जातंतूची दोरी आहे, जन्मतःच वाढ न झालेले डोळे आहेत. ब्रेलच्या ठिपक्यांवर बोट फिरवणाऱ्या शाळकरी पोरांपैकी पुष्कळांच्या बाबतीत तुमच्या-आमच्या मरणोत्तर डोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही.

याचा अर्थ नेत्रदान करू नये असा मुळीच नाही. ते केलेच पाहिजे. शिवाय संकल्पपत्र कपाटात ठेवून भागत नाही. आपण गेल्यावर नेत्रपेढीला कळवायचे असते ते घरच्यांनी, म्हणून ते घरच्यांनाही सांगून ठेवले पाहिजे. 'सक्षम'सारख्या संघटनेने कॉर्नियाजन्य अंधत्वाविरुद्ध अभियान हाती घेतले आहे, ते योग्यच आहे. आक्षेप आहे तो दुसऱ्याच गोष्टीला. मेल्यावर डोळे देण्यास हसत हसत सही करणारा आपला सुशिक्षित मध्यमवर्गीय समाज जिवंतपणी, डोळे शाबूत असताना, त्याच डोळ्यांचे आठवड्याकाठी दोन तास द्यायला तयार नाही. मृत्यूनंतरचे दान सोपे असते, कारण ते देताना आपण तिथे नसतो.

पंगती आणि छायाचित्रे

महाराष्ट्रात बहुतेक मोठ्या गावांत अंधांसाठी काम करणारी एखादी तरी संस्था सापडते. कुठे निवासी शाळा, कुठे वसतिगृह, कुठे खडू-मेणबत्त्यांची उद्योगशाळा, कुठे एका खोलीत चालणारा संगणकाचा वर्ग. अशा कोणत्याही संस्थेची देणगीची वही उघडून पाहावी. वाढदिवसाचे गोड जेवण. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे जेवण. मातोश्रींच्या वर्षश्राद्धाचे जेवण. पितृपक्षात तर पंगतींची अशी गर्दी उसळते की, तारीख मिळत नाही म्हणून दाते रुसतात. ४ जानेवारीला ब्रेल जयंती, १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन. त्या दोन दिवशी ब्लँकेटे येतात. आधीची पाचशे ब्लँकेटे माळ्यावर पडून असली तरी नवी येतातच. आणि जुलैतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, मुसळधार पावसात, त्या दारात चिटपाखरू फिरकत नाही.

पंगतीपूर्वीचा सोहळा तर पाहवत नाही. भुकेलेली मुले ताटावर बसलेली असतात आणि दात्याच्या कुटुंबीयांसमोर त्यांना आधी एखादे गाणे म्हणून दाखवायचे असते. पेटी निघते, तबला निघतो. गाणे संपल्यावर एक मुलगा पाठ केलेले आभाराचे भाषण करतो. मग दात्याच्या नातवाच्या हातून जिलबी वाढली जाते आणि तो क्षण भ्रमणध्वनीत टिपला जातो. ज्या मुलांची छायाचित्रे निघाली, त्यांना ती कधीच दिसणार नसतात. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना 'आधी गाणे म्हणा, मग जेवायला वाढतो' असे आपण म्हणू का?

'अहो, निदान जेवण तरी देतात ना?' असा प्रश्न येणार हे ठाऊक आहे. देतात, आणि त्या जेवणाची गरजही असते. अनुदान वेळेवर येत नाही, इमारत गळत असते, अधीक्षकाला किराणा दुकानदाराची उधारी सतावत असते. म्हणून अन्न देणाऱ्याला नावे ठेवणे हा येथे हेतू नाही. परंतु ज्याला आयुष्यभर फक्त जेवू घातले, त्याला आपण कोणत्या भूमिकेत कायमचे बसवले, याचा विचार कधीतरी केला पाहिजे. धर्मशास्त्राने अन्नदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, विद्यादान श्रेष्ठ मानले. मग अंधांच्या दारात जाताना आपल्याला अन्नदानच तेवढे का आठवते? विद्यादानाला वेळ लागतो, ते दर आठवड्याला करावे लागते आणि त्याचे छायाचित्र नीट निघत नाही, हे तर त्याचे कारण नसेल?

संस्थांना खरोखर हवे असते ते फार निराळे आहे. कोणीतरी येऊन अभ्यासाचे पुस्तक स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवणारा हवा असतो. तेच वाचन ध्वनिमुद्रित करून देणारा हवा असतो. पांढरी काठी घेऊन बसस्थानक ते महाविद्यालय हा रस्ता पंधरा दिवस सोबत चालून पाठ करून देणारा हवा असतो. नोकरीचा अर्ज भरताना पडद्यावर उमटलेली वेडीवाकडी अक्षरे ओळखून सांगणारा हवा असतो. आणि सर्वांत निकडीचा असतो तो लेखनिक.

लेखनिक सापडेना

परीक्षेत अंध विद्यार्थी तोंडी उत्तर सांगतो आणि त्याच्या शेजारी बसलेला लेखनिक ते उतरवून घेतो. व्यवस्था चांगली आहे. प्रत्येक तासामागे किमान वीस मिनिटे वाढवून मिळतात. गैरप्रकार होऊ नये म्हणून लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, असा दंडक चालत आला आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, असे सांगितले. यातही गैर काही नाही. परंतु या दंडकाचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो? दहावीच्या विद्यार्थ्याला नववीतला मुलगा शोधायचा, बारावीच्या मुलीला अकरावीतली मुलगी. आणि शोधायचा केव्हा? फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा त्या नववी-अकरावीच्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, शिकवण्या चालू असतात आणि आई-बाप म्हणत असतात, 'बाळ, आधी तुझे टक्के बघ.'

म्हणून जो मिळेल त्याला धरून आणले जाते. वर्षभर जागून इतिहास पाठ केलेला विद्यार्थी 'औद्योगिकीकरण' म्हणतो आणि लेखनिकाला तो शब्द लिहिता येत नाही. तो अडखळतो, खोडतो, विचारतो. वाढवून मिळालेली वीस मिनिटे त्यातच जातात. परीक्षकाच्या हाती पडते ती लेखनिकाची शुद्धलेखनाची कुवत आणि लेखनिकाचे अक्षर. गुण मात्र परीक्षार्थीच्या नावावर जमा होतात. आणि पेपरच्या दिवशी सकाळी लेखनिकाला ताप आला तर? मग संस्थेचा अधीक्षक दुचाकीवरून गावभर हिंडत असतो. २०२५ मध्ये केंद्राने लेखनिकांची फळी परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच उभी करावी, या दिशेने पाऊल टाकले. त्याचे स्वागत करावे. पण अशी फळी आकाशातून पडत नसते. ती तुमच्या-आमच्या घरांतूनच उभी राहायची आहे. ज्या घरातील मुलगा आंतरशालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे गोळा करण्यासाठी महिनाभर सराव करतो, त्या घराने वर्षातील सहा दिवस तीन-तीन तास देऊ नयेत, हे कोणत्या संस्कारात बसते?

एका मुलाचा सहा दिवसांचा वेळ हा दुसऱ्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न असतो, हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत, पुढे झेवियर महाविद्यालयात आणि नंतर दिल्लीत त्या शिकल्या. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु दृष्टी नाही या कारणास्तव रेल्वेने त्यांना आपल्या लेखा सेवेत घेतले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, देशात १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे त्यांनी स्वीकारली. सत्काराच्या वेळी सारा महाराष्ट्र त्यांच्या पाठीशी उभा राहिला. अशा परीक्षेपर्यंतची वाट मात्र कोणातरी वाचणाऱ्याच्या आणि कोणातरी लिहिणाऱ्याच्या सोबतीवाचून चालता येत नाही, हे सत्कार करणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात आले असेल?

प्रज्ञाचक्षूंचे वारस

हा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांना परंपरेचा अभिमान आठवतो. पाश्चात्त्यांनी अंधांना लाचार मानले, आम्ही त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले, असे सांगितले जाते. म्हटले, हे खरेच आहे. दयानंद सरस्वती १८६० मध्ये मथुरेला ज्यांच्या पायाशी व्याकरण शिकायला बसले, ते स्वामी विरजानंद बालपणीच देवीच्या रोगाने दृष्टी गमावलेले होते. पंडित सुखलालजी संघवींची दृष्टी सोळाव्या वर्षी त्याच रोगाने गेली. काशीला जाऊन त्यांनी न्याय आणि दर्शने आत्मसात केली आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात जैनदर्शन शिकवले. आणि आपल्या विदर्भातील गुलाबराव महाराज! तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य लाभले अवघे ३४ वर्षांचे, आणि तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना.

परंतु या तिन्ही चरित्रांत एक गोष्ट सामाईक आहे आणि अभिमान मिरवताना नेमकी तीच सोयीस्करपणे विसरली जाते. या प्रत्येक प्रज्ञाचक्षूच्या शेजारी डोळस माणसे बसलेली होती. कोणी वाचून दाखवत होते, कोणी सांगितलेले उतरवून घेत होते. ग्रंथ ज्याच्या मुखातून निघाला त्याचे नाव राहिले; ज्यांच्या बोटांतून उतरला ते बहुतेक अनाम राहिले आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. मुळात आपली विद्या ही श्रुती. गुरूने म्हणायचे, शिष्याने ऐकायचे आणि धरून ठेवायचे. पोथी हाताशी असली तरी पाठांतरालाच प्रतिष्ठा होती. अशा परंपरेत अंध शिष्याचे नुकसान त्या मानाने कमी होते. ऐकण्याच्या बाबतीत तो कोणाहून उणा नव्हता. छापखाना आला, विद्या कागदावर उतरली, घोकंपट्टी म्हणून पाठांतराची हेटाळणी झाली आणि अंधासाठी दार बंद झाले. ते दार बंद होताना आपण काय केले?

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. आधुनिक काळात भारतात अंधांची पहिली शाळा निघाली ती १८८७ मध्ये अमृतसरला. ती काढली अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी. मुंबईत १९०० मध्ये, भीषण दुष्काळाच्या सुमारास, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांना गोळा करून शाळा सुरू केली. आज दादरला कमला मेहतांच्या नावे चालते ती हीच शाळा. या मंडळींच्या हेतूंविषयी आपण शंका घेतो आणि धर्मांतराचा इतिहास पाहता ती निराधार नाही. पण हेतूचा न्याय करण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या अंध पोरीच्या हाती अक्षर ठेवायला त्या वेळी दुसरे कोण पुढे आले होते? पुण्यात १९३४ मध्ये, तर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ मध्ये, अशा पुढे आपल्याही संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठे काम केले, हे निर्विवाद. तरी मधली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? दुसऱ्याच्या सेवेतला अंतस्थ हेतू हुडकण्यात जेवढी बुद्धी खर्ची पडते, त्याच्या चौथाई जरी आपल्या सेवेची उणीव शोधण्यात पडली असती, तरी चित्र वेगळे दिसले असते.

हक्कांची भाषा बोलणारी पुरोगामी मंडळीही या बाबतीत फारशी वेगळी नाहीत, हे जाता जाता नोंदवावे. वातानुकूलित सभागृहात 'सर्वसमावेशकते'वर परिसंवाद होतो आणि त्या सभागृहाच्या उद्वाहनात मजला सांगणारा आवाजही नसतो.

अभिजात मराठी, पण कोणासाठी?

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जिच्यात पैसा लागत नाही, पंगत लागत नाही, केवळ आस्था लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. पण अंध मराठी वाचकाला त्याच्या मातृभाषेतले पुस्तक आज कितपत वाचता येते?

संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञाप्रणाली असते. एनव्हीडीएसारखी प्रणाली तर विनामूल्य आहे आणि ती दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभारलेली आहे. तिला मराठी वाचता येते. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षे पुस्तके, नियतकालिके आणि सरकारी कागद जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळवले गेले. त्यांत डोळ्याला देवनागरी दिसते. संगणकाच्या पोटात असते ती रोमन अक्षरांची उतरंड. कृतिदेव टंकात लिहिलेला 'मराठी' हा शब्द यंत्राच्या लेखी 'ई-जे-के-बी-एच' असा असतो! अंध वाचकाच्या कानावर तेच पडते. ज्ञानेश्वरीवरील भाष्य असो की शासनाचा निर्णय, ऐकू येते ती निरर्थक अक्षरांची खडखड. आणि जे युनिकोडमध्ये असते, त्याचेही पुष्कळदा कागदावरून छायाचित्र काढून जालावर टाकलेले असते. छायाचित्राला आवाज नसतो.

कायद्याचा अडथळा केव्हाच दूर झाला आहे. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन, नफ्याचा हेतू नसेल तर कोणतेही पुस्तक दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात आणण्यास परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश होता भारत. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ मध्ये सुरू झाले. म्हणजे कायदा आहे, करार आहे, ग्रंथालय आहे. मराठी प्रकाशकाकडे छपाईसाठी बनवलेली पुस्तकाची संगणकीय प्रत आहे. ती युनिकोडमध्ये उतरवून, एकदा वाचून, शुद्ध करून संस्थेला द्यायची, एवढेच काम शिल्लक आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ, संगणक येणाऱ्या गृहिणी यांनी घरी बसून करावे असे हे काम. दर जिल्ह्यातून वर्षाला दहा पुस्तके उतरली तरी मराठी अंध वाचकाच्या हाती एक छोटे ग्रंथालय येईल. साहित्य संमेलनाच्या मांडवात या विषयावर कधी ठराव झाला आणि तो पाळला गेला, तर पेढे तेव्हा वाटावेत.

स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा एका माणसाच्या जिद्दीवर काय उभे राहू शकते हे दिसले होते. एका माणसाच्या खांद्यावर संपूर्ण समाजाचे ओझे टाकून त्याचे कौतुक करीत बसणे, हाही आपला जुनाच छंद आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंधांना जे काही अधिकार मिळाले, ते तुमच्या-आमच्यासारख्या दयाळू लोकांच्या कृपेने मिळाले, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवल्या. त्या भरताना वर्षानुवर्षे पळवाटा काढल्या गेल्या. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटा बंद केल्या, त्या खटल्यात लढत होते नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड, म्हणजे अंधांनी अंधांसाठी चालवलेली संघटना. दृष्टिहीनांना धनादेशपुस्तिका, एटीएम, लॉकर नाकारू नका, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सर्व बँकांना बजावले, तेही दृष्टिहीनांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी दाद मागितल्यानंतर. मध्य प्रदेशात अंध व्यक्तीला न्यायाधीशपदाची दारे बंद करणारा नियम होता. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्यावरून प्रकरण सुरू झाले आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. या लढायांत ब्लँकेट वाटणारा समाज कोठेच दिसत नाही. उलट आजही भाड्याने खोली मागायला गेलेल्या अंध दांपत्याला 'गॅसचा धोका असतो हो' असे गोड शब्दांत सांगून परत पाठवणारी गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी बहुधा याच वर्गातली असते. आणि महिन्यापूर्वी तिनेच अंधशाळेत पंगत घातलेली असते.

सेवा करणाऱ्या संस्थांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या विश्वस्त मंडळावर अंध किती? वार्षिक अहवालात अंध मुलांची छायाचित्रे वीस, आणि हिशेब मंजूर करणाऱ्यांत अंध एकही नाही, ही स्थिती किती दिवस चालणार? दूरध्वनी केंद्रातील नोकऱ्या तंत्रज्ञानाने गिळल्या, वेताच्या खुर्च्या प्लास्टिकने गिळल्या, तरी आपल्या उद्योगशाळा खडू आणि मेणबत्तीला धरून बसल्या आहेत. दिवाळीत त्या मेणबत्त्या आपण कौतुकाने विकत घेतो. त्याच हातांनी संगणकावर काम करणारा अंध तरुण आपल्या कार्यालयात मुलाखतीला आला की मात्र 'बघतो, कळवतो' म्हणतो.

२०१५ मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी सुचवला. शब्द गौरवाचा आहे. ३ डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात या कामासाठी स्वतंत्र विभागही झाला. पण पदपथावर अंधांच्या काठीसाठी बसवलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या आजही पुष्कळ ठिकाणी सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळतात किंवा उभ्या केलेल्या मोटारीखाली गडप होतात. ती मोटार सरकारची नसते. ती आपली असते.

कार्यकर्त्यांना तर येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा आदेश आहे. ग्रामसभेत उठून गेल्या तीन वर्षांचा हा हिशेब मागायला कोणत्याही देणगीची आवश्यकता नाही. किती खर्च झाले, कशावर झाले, आणि खर्च ठरवताना गावातल्या दृष्टिहीनांना विचारले होते का? बहुतेक ठिकाणी मार्च अखेरीस घाईघाईने काही वस्तू वाटून रक्कम संपवलेली आढळेल. त्या रकमेतून एक संगणक, एक ध्वनिमुद्रणाची खोली, एखाद्या मुलीच्या महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासाची सोय होऊ शकते. यासाठी मोर्चा लागत नाही; चार माणसांनी कागद घेऊन चिकाटीने बसावे लागते.

ज्यांच्या घरी आठवी ते अकरावीतली मुले आहेत, त्यांनी नोव्हेंबरच्या आत आपल्या गावातील अंधांच्या संस्थेत जावे आणि लेखनिकांच्या यादीत मुलाचे नाव घालावे. त्याचे मराठी शुद्धलेखन कच्चे असेल तर दोन महिने पक्के करून घ्यावे. त्याच्याही कामी येईल. निवृत्तांनी अधीक्षकाला, 'काय हवे आहे?' असे विचारू नये, तो संकोचाने 'एखादे जेवण' असेच सांगेल. सरळ मुलांकडे जावे आणि कोणाला कोणते पुस्तक वाचून हवे आहे ते विचारावे. बारावीच्या समाजशास्त्राची, बँकेच्या परीक्षेच्या गणिताची, पदवीच्या मराठीची मागणी बहुधा पहिल्याच दिवशी पुढे येईल. जाताना मिठाई नेली नाही तरी चालेल. वाचायचा चष्मा मात्र न्यावा.